झोडलेली साल

रसिका गेल्याचं मला कळलं तेव्हा मी सात नंबरच्या झाडावर, जमिनीपासून साठ फूट वर, दोराला लटकत होतो. हातात सालीची पट्टी होती. कानातल्या यंत्रात माझ्या मुलीचा, शर्वरीचा आवाज आला. "बाबा, खाली या." मी म्हटलं, पट्टी अर्धी सुटली आहे, दहा मिनिटं थांब. ती म्हणाली, "बाबा, आई गेली. खाली या."

मी ती पट्टी पूर्ण सोडवली. अर्धवट सोडली तर फाटते आणि झाडाला जखम होते. पट्टी गुंडाळून पिशवीत घातली, उघड्या पडलेल्या खोडावर पातळ झिल्ली चढवली, मग उतरलो. अकरा वर्षांची सवय होती. बायको गेल्यावरही माझे हात नीट काम करत होते, याची मला तेव्हाच किळस यायला हवी होती. ती नंतर आली.

आमचं गाव करमळवाडी, घाटाच्या पायथ्याशी. मागच्या रानात चांदकुड्याची झाडं आहेत. चांदकुडा म्हणजे फार मोठं झाड. सव्वाशे-दीडशे फूट सरळ वर जातं, बुंध्याला भिंतीसारख्या फाकलेल्या मुळ्या असतात, त्यांच्या आड चार माणसं बसली तर दिसत नाहीत. त्याच्या चिकात विष असतं. जखमेतून अंगात गेला तर काळीज हळू चालायला लागतं आणि मग थांबतं. जुन्या काळी तो बाणाला लावायचे. त्याच झाडाच्या सालीची आमच्याकडे पोती करत. हातभर जाड फांदी तोडायची, भिजवायची, लाकडी मोगरीने चारी बाजूंनी झोडायची. मग साल बाहीसारखी उलटी करून ओढायची. खाली लाकडाची एक चकती ठेवायची, ते पोत्याचं बूड. शिवण नाही, सांधा नाही. अशा पोत्यात आमच्या आजोबांनी तांदूळ भरलेला मी पाहिला आहे. झोडण्यात सगळं कसब. कमी झोडली तर साल ताठ राहते, वाकडी झोडली तर फुटते.

मग कंपनी आली. तिला पोती नको होती. चांदकुड्याच्या आतल्या सालीत तंतूंचं जे जाळं असतं, ते माणसाच्या कातडीच्या खालच्या थराच्या विणीशी जुळतं, असं कोणीतरी शोधून काढलं होतं. ती साल घ्यायची, साबणासारख्या द्रावणात एकवीस वेळा धुवायची. झाडाच्या पेशी निघून जातात, नुसतं पांढरं जाळं उरतं. त्यावर रोग्याच्याच अंगातून घेतलेल्या कातडीच्या पेशी पेरायच्या आणि उबदार पेटीत तीन आठवडे ठेवायच्या. पेशी जाळ्यावर पसरतात. मग ते भाजलेल्या जागी लावायचं. जाळ्यावर आणखी एक प्रक्रिया केलेली असते, त्यामुळे दीड-दोन महिन्यांत ते अंगातच विरघळून जातं आणि मागे फक्त माणसाची स्वतःची कातडी राहते.

झाड तोडावं लागत नाही. पावसाळ्यात, हवा दमट असताना साल सोलायची, आतल्या ओल्या लाकडाला बोट लागू द्यायचं नाही, वर औषधाची झिल्ली गुंडाळायची. चौदा महिन्यांत नवी साल येते. सोललेलं खोड आधी पिवळट पांढरं दिसतं, मग तांबूस होतं, आणि झिल्लीच्या आत घाम धरतं. बोकडाची मांडी सोलून टांगल्यावर दिसते तसं. मला पूर्वी त्याचं काही वाटत नसे.

धुतलेल्या पाण्यात विष उरलं आहे का हे यंत्र तपासायचं. एकविसाव्या धुण्यात शून्य आलं की साल पुढे जायची. कागदावर नियम होता: साल काढल्यावर तिला घाव, दाब किंवा पीळ देऊ नये. नियम मराठीत होता. आमच्या टोळीतल्या पाचही जणांनी वाचून सही केली होती.

दोन हंगामांपूर्वी पट्ट्या परत यायला लागल्या. शेरा असायचा: ताठ आहे, अंगावर बसत नाही. आमच्या टोळीत सगळ्यांत वडील भिकातात्या घाडी. त्यांनी एक परत आलेली पट्टी हातात घेतली, वाकवून बघितली आणि हसले.

"झोडूक नाय तर मऊ कशी होतली? शिकलेल्यांका पोतां ठावक नाय."

आम्ही झोडायला लागलो. साल काढली की लगेच, ओली असताना, फडक्यात गुंडाळून, माडाच्या मोगरीने. त्यानंतर एकही पट्टी परत आली नाही. प्रयोगशाळेच्या डॉक्टर मेघना केळुस्कर एकदा रानात आल्या होत्या. मला म्हणाल्या, "गवस, तुमची साल इतकी मऊ कशी असते हो?" मी म्हटलं, "हाताचं काम आहे." ते म्हणताना मला बरं वाटलं होतं.

जूनच्या शेवटी रसिका भाजली. ती काजूच्या कारखान्यात बी उकडायच्या विभागात होती. वाफेचा पाइप सुटला. पाठ आणि डावी मांडी गेली. कोल्हापूरच्या इस्पितळात नेलं. शर्वरी तिथेच नर्सिंग शिकते. डॉक्टर म्हणाले, सालीची कातडी लावू, पट्टी मोठी लागेल, पाठभर. मी केळुस्कर मॅडमना फोन केला आणि म्हटलं, तिची साल मी काढतो. त्या म्हणाल्या, "कोणीतरी काढणारच आहे. तुम्ही काढा."

सात नंबरचं झाड मी निवडलं. त्याची दुसऱ्या खेपेची साल सगळ्यांत सरळ येते. मी ती एका अखंड पट्टीत काढली. आणि झोडली. नेहमी आम्ही अर्धा तास झोडायचो, मी तास झोडली. पाठीवर झोपायचं होतं तिला, बोचू नये म्हणून. झोडताना तिच्याशी बोलत होतो. काय बोलत होतो ते लिहीत नाही.

कातडी लावल्यावर ती छान बसली. डॉक्टरांनी आम्हा दोघांना आरशातून दाखवली, गुलाबी, ओली. रसिका पालथी पडून म्हणाली, "माज्या पाठीर तांदळाचा पोता शिवलात काय ओ?"

"शिवण नाय हां. अखंड असा."

"मगे तांदूळ खयसून भरूचे?"

नर्सही हसली. तिसऱ्या आठवड्यात ती उठून बसायला लागली. मी कामावर परतलो. हंगाम चालू होता आणि साल थांबत नाही.

चौथ्या आठवड्यात ती जेवेना. पोटात ढवळतं म्हणाली. मग एका सकाळी फोनवर म्हणाली, "माका सगळा पिवळा दिसता ओ. दिव्याक पण भोवतीन पिवळा रिंगाण."

चांदकुडा सोलणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. हाताला चीर असेल आणि चीक लागला तर आधी मळमळ होते, मग पिवळं दिसतं, मग नाडी मंद होते. आमच्यात त्याला पिवळं लागणं म्हणतात. मला दोनदा लागलं आहे.

मी विचारलं, "कावीळ तपासली?"

"तपासली. नाय म्हणतत."

"मगे अशक्तपणा असतलो. जेव जरा."

ती हो म्हणाली. मी फोन ठेवला आणि झाडावर चढलो. एकविसाव्या धुण्यात शून्य आलं होतं. तिच्या पट्टीचा कागद मी स्वतः पाहिला होता, शून्य लिहिलेला. तो कागद मी मनात धरून बसलो आणि नाडी मोजायला सांगितलं नाही. दोन दिवसांनी ती गेली. डॉक्टर म्हणाले, काळजाचे ठोके मंद होत होत थांबले, भाजलेल्या रोग्यांत होतं कधी कधी.

कंपनीने फुलांचं मोठं चक्र पाठवलं. त्याच्या मधोमध कंपनीचं हिरवं पान आणि खाली छापलेलं, झाडाचं कातडं, माणसाला जीवदान. चक्राला इस्पितळासारखा औषधी वास येत होता. मी ते उचलून गोठ्यामागे टाकलं. गाईनेही तोंड लावलं नाही.

लोक भेटायला येत. माझे हात हातात घेऊन बसत. प्रत्येक वेळी मला हात ओढून घ्यावेसे वाटत. नखांच्या कडेला चीक वाळून तपकिरी झालेला होता. तो साबणाने जात नाही, तेलाने जातो. मी तेल लावलं नव्हतं.

पाचव्या दिवशी भिकातात्या आले. अंगणात बसले, पान लावलं. इकडचं तिकडचं बोलून म्हणाले, "तुजी ती पट्टी वाया नाय गेली हां. तू उतरलंस आणि आमी ती झोडून धाडली. बरी मऊ झाली."

 इतका वेळ जे मी बाजूला सारत होतो ते त्या एका वाक्याने समोर येऊन बसलं. ती पट्टी कोणाच्या तरी पाठीवर जाणार होती.

"तात्या, रसिकाक पिवळा दिसत होता."

त्यांचं चघळणं थांबलं. "कधीपासून?"

"दोन दिस आधी."

"आणि तू काय सांगितलंस तिका?"

"अशक्तपणा असतलो म्हटलंय."

तात्या थुंकले. पानामुळे थुंकले की मला बघून, ते मी विचारलं नाही. मग म्हणाले, "धुवन शून्य इला ना? यंत्र खोटा बोलता?"

"यंत्र पाणी बघता. साल नाय बघणा."

"उम्या, गप रव. माका दुख नाय काय? माज्या हातचा जेवली हा ती. पण तू तोंड उघडलंस तर पाच घरां उठतली. नियम मोडलो तो आमी. कंपनी सुटतली, आमी अडाकतलों."

"मगे ती पट्टी जाऊक दिव?"

"एक पट्टी."

"ही आणि रसिकाची सोडून या हंगामात तेवीस गेल्यात, तात्या."

ते उठले. जाताना म्हणाले, "माका काय विचारू नको. माका तेवीस म्हायत नाय." मला त्या माणसाने झोडायला शिकवलं होतं. मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिलो, आणि त्यांच्या कानाच्या मागे वाळलेला चीक दिसला तेव्हा मला उलटी झाली. दोन दिवसांचं काही पोटात नव्हतं, नुसतं पाणी पडलं.

मी केळुस्कर मॅडमना फोन केला आणि ती पट्टी आधी थांबवा म्हटलं. त्यांनी ती बाजूला काढून ठेवली. मग बसने त्यांच्या प्रयोगशाळेत गेलो. सोबत मोगरी नेली.

त्यांनी एकाच झाडाच्या सालीचे दोन तुकडे घेतले. एक मी झोडला. त्यांच्या स्वच्छ टेबलावर, त्यांच्या समोर, अर्धा तास. आवाज मोठा होत होता, बाजूच्या खोलीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. मग दोन्ही तुकडे एकवीस वेळा धुतले. त्याला दीड दिवस लागला. दोन्हींचं पाणी शून्य आलं.

मग त्यांनी दोन्हींचे पातळ काप करून पडद्यावर मोठे करून दाखवले. न झोडलेल्या सालीत चिकाच्या बारीक नळ्या रिकाम्या, आरपार दिसत होत्या. झोडलेल्या सालीत नळ्या चेपून बंद झाल्या होत्या आणि त्यांच्या आत तपकिरी थेंब अडकलेले होते. एकामागे एक. ढेकूण मारल्यावर गादीच्या शिवणीत राहतात तसे.

"घाव बसला की चीक गोठतो," मॅडम म्हणाल्या. "रबरासारखा. नळीची दोन्ही तोंडं त्यानेच बंद होतात. मग पाणी आत जात नाही आणि विष बाहेर येत नाही. यंत्राला दिसणार कुठून? आणि अंगात गेल्यावर जाळं विरघळायला लागतं. जाळं विरघळलं की एकेक थेंब सुटतो."

"चौथ्या आठवड्यात."

"हो. तेव्हाच." मग म्हणाल्या, "लहान पट्टी असेल तर माणूस सहन करेल. थोडी मळमळ, कोणी लक्षही देणार नाही. पाठभर असेल तर नाही. किती वेळ झोडली होती तुमच्या मिसेसची?"

"तास."

त्यांनी हातमोजे काढले आणि बेसिनपाशी जाऊन हात धुतले. खूप वेळ धुतले. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मी विचारलं होतं तुम्हाला, इतकी मऊ कशी."

"होय."

"मी पण तिथेच थांबले. चांगली येतेय ना, मग कशाला खोलात जायचं." त्यांनी नळ बंद केला. "मला ती मऊ साल बघून आनंद झाला होता, गवस."

कंपनीचे साहेब पडद्यावर आले. त्यांनी माझं दुःख समजतं म्हणून सांगितलं. दुःखात माणूस स्वतःला दोष देतो, हे स्वाभाविक आहे, एक समुपदेशक देतो, म्हणाले. अहवाल स्वच्छ आहेत, एका तुकड्यावरून निष्कर्ष काढता येत नाही, आणखी तपासणी होईपर्यंत रोग्यांना घाबरवणं बरोबर नाही. किती दिवस तपासणी, असं मॅडमनी विचारलं. तीन महिने, ते म्हणाले.

"तोपर्यंत जाळी विरघळलेली असतील," मॅडम म्हणाल्या.

"मग प्रश्नच मिटला," साहेब म्हणाले. त्यांनी हे वाईट हेतूने म्हटलं नसावं. तोंडातून गेलं. पण ते ऐकून मला चीक लागल्यावर येते तशी मळमळ आली, अंगात चीक नसताना. मी म्हटलं, "साहेब, तुमच्या अंगावर आहे का एखादी?" पडदा बंद झाला.

मॅडमनी कंपनीला न विचारता तेवीस जणांची यादी मला दिली; आधीच्या हंगामांतल्यांची जाळी केव्हाच विरघळली होती. नोकरी जाईल म्हणाल्या, आणि गेली. यादीत नाव, गाव, इस्पितळ, साल लावल्याची तारीख होती. विषावर उतारा आहे, शिरेतून द्यायचा. वेळेत नाडी मोजली तर माणूस वाचतो. कातडी काढावीही लागत नाही.

शर्वरीला मी कोल्हापूरला जाऊन सांगितलं. इस्पितळाच्या कँटीनमध्ये बसलो होतो. तिने सगळं ऐकून घेतलं.

"आईची साल कोणी झोडली?"

"मी."

"इतरांपेक्षा जास्त?"

"दुप्पट. तिला बोचू नये म्हणून."

"पिवळं दिसतंय हे तिने तुम्हाला सांगितलं होतं?"

"हो."

"मला नाही सांगितलं. मी तिच्या शेजारी होते, बाबा. मला नाही सांगितलं, कारण तुम्ही तिला अशक्तपणा सांगून मोकळे झालात." तिचा चहा तसाच राहिला, वर साय धरली. ती सायीकडे बघत म्हणाली, "मी दिवसातून चार वेळा नाडी मोजत होते. एकावन्न, अठ्ठेचाळीस. मला वाटलं, झोपते आहे म्हणून कमी आहे." मग तिने हात पुढे केला. "यादी द्या."

यादीतले पहिले बारा तिने घेतले, उरलेले अकरा मी. ती मला रोज फोन करते. कोण सापडलं, नाडी किती, इस्पितळात पोचले की नाही. एवढंच. जेवलात का, असं पूर्वी विचारायची. आता विचारत नाही, आणि मीही तिला विचारत नाही.

फोनवर बोलायला मला जमत नसे. पहिल्या माणसाला मी म्हटलं, मी तुमच्या पाठीवरची साल काढणारा. त्याने फोन ठेवला. आता मी आधी विचारतो, मळमळ होते का, पिवळं दिसतं का. मग मनगटावर बोट ठेवायला सांगतो आणि इकडे घड्याळ धरतो. निपाणीजवळच्या एका बाईने एकेचाळीस मोजले. तिच्या सुनेला मी म्हटलं, आत्ता, या क्षणी गाडी करा. ती बाई वाचली. तिचा मुलगा मला फोन करून म्हणाला, "तुम्ही देवासारखे आलात." मी त्याला सांगितलं की विष मीच भरलं होतं. त्याने फोन ठेवला नाही. मग म्हणाला, "तरी आभार." मला ते आभार अंगावर शेवाळासारखे वाटले. मी आंघोळ केली.

तिघे आधीच गेलेले निघाले. तिघांच्याही कागदावर काळीज बंद पडलं एवढंच होतं. त्यातली एक मुलगी नऊ वर्षांची, वरातीतल्या फटाक्याने भाजलेली. तिची पट्टी भिकातात्यांनी झोडली होती, पट्टीच्या कागदावर काढणारा म्हणून त्यांचं नाव होतं. मी जाऊन सांगितलं. ते चुलीपुढे बसले होते.  त्यांची मोगरी त्यांनी चुलीत सारली, पण ओली होती, पेटली नाही, नुसता धूर झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून यादीतले तीन नंबर मागून घेतले. त्यांना मालवणीच येते, समोरची माणसं कानडी बोलणारी निघाली. ते मोठ्याने "पिवळा, पिवळा" म्हणत राहिले आणि मनगट दाखवत राहिले. पडद्यावर दिसत असल्यामुळे दोघांना कळलं.

रानात कंपनीचं काम तपासणी होईपर्यंत बंद आहे. सात नंबरच्या झाडाखालून मी परवा गेलो. रसिकाची साल जिथून काढली तिथे नवी साल धरू लागली आहे. कोवळी, निरोगी, वर बारीक लव. झाडाचा काही दोष नाही हे मला कळतं. तरी तिथे थांबवलं नाही.

तेवीसपैकी तिघे गेले, चौदा जण सापडले, उतारा मिळाला. सहा राहिले आहेत. दोघे मजुरीला परमुलखात गेलेत, मुकादमाचा फोन बंद आहे. एका बाईने इस्पितळात माहेरचा पत्ता दिला होता, तिथे ती कधी राहिलीच नाही. तिघांचे नंबर लागत नाहीत. सहांतली सगळ्यांत अलीकडची साल लावून आज एकविसावा दिवस आहे, उद्या चौथा आठवडा लागतो. त्या सहा जणांना अजून सांगायचं राहिलं आहे.